संभाजीनगरला दोन दिवस यायलात? हॉटेल कुठल्या बाजूला घ्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची परभणीची, आता बरीच वर्षं झाली सिडकोत राहते, आणि दिवाळी संपली रे संपली की फोन सुरू होतात, "ताई, शनिवारी यायलोत आम्ही, एखादं चांगलं हॉटेल सांग बरं." हॉटेल सांगायला काय लागतंय, पण मी आधी उलटं विचारते की सकाळी उठून जाणार कुठं, आलात कशानं आणि परत कशानं जाणार, आणि तिथंच निम्मे लोक गप होतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. हॉटेलांची नावं देत नाही, मालक बदलला की पाटी बदलते, रस्ते मात्र तिथंच राहतात.

आम्हाला अगदी सेंटरला पाहिजे. संभाजीनगरचं सेंटर म्हणजे नेमकं कुठं?

पहिली गडबड इथंच होते. इथं एक सेंटर नाहीच. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज हे जुनं शहर, त्याला लागून औरंगपुरा आणि निराला बाजार, मग समर्थनगर, क्रांती चौक, उस्मानपुरा, आणि पूर्वेला सिडको-कॅनॉट, जे म्हणलं तर दुसरंच गाव आहे. आणि तुम्ही जे बघायला यायलात त्यातला बीबी का मकबरा, पाणचक्की आणि विद्यापीठामागची औरंगाबाद लेणी सोडली तर बाकी सगळं गावाबाहेर. दौलताबाद १५ किलोमीटर, वेरूळ ३० किलोमीटर, दोन्ही एकाच रस्त्यावर, नगर नाक्यावरनं पुढं. अजिंठा १०० किलोमीटर, तो हर्सूलकडनं जळगाव रोडनं. पैठण ५० च्या आसपास, ते दक्षिणेला. विमानतळ चिकलठाण्याला, म्हणजे पार पूर्वेला, जालना रोडवर.

मग चांगली जागा कोणती? सकाळी ज्या रस्त्यानं गावाबाहेर पडायचंय त्या रस्त्याच्या तोंडाशी असलेली. बस. माझे दाजी एकदा नांदेडहून आले, रेटिंग बघून चिकलठाण्याला विमानतळाजवळ रूम घेतली, विमानानं आलेले नव्हते बरं का, रेल्वेनं आले होते. रूम एक नंबर होती. पण दोन्ही दिवस वेरूळ-दौलताबाद-खुलताबाद, म्हणजे रोज सकाळी अख्खा जालना रोड पार करून नगर नाक्याला जायचं आणि संध्याकाळी कंपन्या सुटायच्या टायमाला तोच रस्ता परत, एका बाजूला पाऊण पाऊण तास नुसता सिग्नल बघण्यात. बहीण म्हणली, लेण्यांपेक्षा उड्डाणपूल जास्त बघितले.

वेरूळ मेन आहे, मग सरळ वेरूळलाच राहिलो तर?

राहता येतं, लेण्यांजवळ आणि गावात राहायची सोय आहे, आणि एका प्रकारच्या माणसाला हे फारच चांगलंय, ज्याला सकाळी लेणी उघडल्या उघडल्या आत जायचंय, गर्दी नको, ऊन नको. वेरूळ सूर्योदयाला उघडतं. ३४ लेण्या आहेत, त्यात १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, आणि जैन लेण्या कैलासापासून बऱ्याच लांब, एक-सव्वा किलोमीटर. हे सगळं पायी करायचं तर उन्हाळ्यात सकाळी दहानंतर डोकं तापतं. वेरूळला मुक्काम असला की सकाळी अर्ध्या लेण्या, दुपारी रूमवर येऊन झोप, आणि मग चारनंतर परत कैलास. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळं सकाळी समोरची बाजू सावलीत असते आणि संध्याकाळचं ऊन तिरपं त्याच्यावर येतं, ते बघायचं म्हणजे तिथं राहण्याचा पैसा वसूल. घृष्णेश्वरही तिथंच, पहाटे दर्शन होतं.

पण ज्यांना संध्याकाळी बाजार, पैठणी-हिमरूची दुकानं, नान-खलिया, पोरांना आईस्क्रीम असलं काही पाहिजे त्यांनी वेरूळला राहू नका. सात वाजले की तिथं शांतता. एक रात्र बरी वाटती, दुसऱ्या रात्री पोरं म्हणतात आता काय करायचं.

मग अजिंठ्यासाठी कुठं?

अजिंठ्याचं गणित वेगळं. शहरातनं दोन ते अडीच तास धरा, फुलंब्री, सिल्लोड, मग अजिंठा गाव आणि घाट उतरून फर्दापूरकडं. आणि गाडी थेट लेण्यांपर्यंत जातच नाही, टी पॉइंटला लावायची, दुकानांमधनं चालत जायचं, मग तिथनं बस धरायची, ती चारेक किलोमीटर आत सोडते. म्हणजे "दोन तासात अजिंठा" जे म्हणतात ते टी पॉइंटपर्यंतचं, लेण्यापर्यंतचं नाही. लेणी सकाळी नऊला उघडतात, तेव्हा शहरातनं साडेसहा-सातला निघालं तर बरं.

म्हणून अजिंठा करायचा असेल तर हर्सूल, टीव्ही सेंटर, सिडको ही बाजू चांगली, सकाळी गावात न शिरता सरळ जळगाव रोडला लागता येतं. ज्यांना फक्त अजिंठाच बघायचाय त्यांनी फर्दापूरला मुक्काम करावा, नाहीतर जळगावला, तिथनं अजिंठा ६० किलोमीटर, म्हणजे संभाजीनगरपेक्षा जवळ. हे सांगितलं की आमच्या गावाचा अपमान झाल्यासारखं बघतात काही जण, पण खरं ते खरं.

दोन दिवसांत वेरूळ आणि अजिंठा दोन्ही, हॉटेल मात्र एकच पाहिजे.

तर क्रांती चौक ते सिडको ह्या पट्ट्यात घ्या, आणि आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद. रविवार-सोमवार येणाऱ्यांनी रविवारी अजिंठा उरकायचा आणि सोमवारी वेरूळ, उलटं केलं की सोमवारी फर्दापूरला बंद गेट बघून यावं लागतं. सोमवार-मंगळवार आलात तर सोमवारी वेरूळ करा आणि मंगळवारी अजिंठा, उलटं केलं की दोन्ही दिवस फसतात. हे हॉटेलच्या आधी ठरवा, नंतर नाही.

पहिल्या रात्री वेरूळला आणि दुसऱ्या रात्री शहरात असं दोन ठिकाणी राहण्याचंही बरेच जण विचारतात. फक्त नवरा-बायको असाल, एक एक बॅग असेल, तर करा. लेकरंबाळं आणि सात बॅगा असतील तर रोज पॅकिंग करण्यातच ट्रिप जाईल.

काहीच ठरत नाहीये, डोळे झाकून एक एरिया सांगा.

क्रांती चौक, समर्थनगर, निराला बाजार, उस्मानपुरा. ह्याच्यात कुठंही. मध्यवर्ती बसस्थानक जवळ, रेल्वे स्टेशन दोन-तीन किलोमीटर, रात्री जेवून पायी परत येता येतं, रिक्षा कधीही मिळते आणि वेरूळकडं निघायचं तर नगर नाका दहा-पंधरा मिनिटं. तोटा एकच, गाडी लावायची बोंब. निराला बाजारच्या हॉटेलात रूम घेताना पार्किंग आहे का एवढं विचारून भागत नाही, "पार्किंग तुमच्या बिल्डिंगच्या आत आहे का रस्त्यावर" असं विचारायचं.

रेल्वे स्टेशनजवळ घ्यावं का बसस्टँडजवळ?

कशानं येताय त्यावर. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसनं आलात तर गाडी पहाटे चारच्या आसपास इथं टेकती, पेंगत पेंगत उतरायचं, थंडीचे दिवस असले तर आणखीच. अशा वेळी स्टेशन रोडचं हॉटेल सोन्यासारखं वाटतं. पण चेक-इन किती वाजता ते फोन करून विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी बाराचं चेक-इन असतं आणि पहाटे चारला गेलात तर आदल्या दिवसाचं अर्धं नाहीतर पूर्ण भाडं मागतात. काही लॉज २४ तासांच्या हिशोबानं देतात, चारला घेतली तर दुसऱ्या दिवशी चारला सोडायची. एकदा आमच्या आत्याबाईंना एका लॉजवाल्यानं फोनवर चोवीस तास म्हणून सांगितलं आणि सकाळी दहाला दार वाजवलं, चेकआउट करा म्हणून. तेव्हापासून मी सांगते, फोनवर बोललात तेच लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला लावा, "उद्या पहाटे ४ चेक-इन, परवा पहाटे ४ चेकआउट, भाडं इतकं." समोरचा ओके म्हणला की झालं.

तपोवननं दुपारी नाहीतर वंदे भारतनं संध्याकाळी येणाऱ्यांना स्टेशनला चिकटून राहायची काही गरज नाही, रिक्षा करून पुढं या.

आणि एसटीनं येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा, इथं स्टँड दोन आहेत. जालना, परभणी, नांदेडकडनं येणारी बस आधी सिडको बसस्टँडला येते, मग मध्यवर्तीला. हॉटेल सिडकोत असेल तर तिथंच उतरा, उगं पुढं जाऊन परत पाच-सहा किलोमीटर रिक्षानं येऊ नका. पुण्याकडनं येणारी बस नगर नाक्यावरनं येते, बाबा पेट्रोल पंपाजवळ पुष्कळ जण उतरतात. अ‍ॅपवर पत्त्यात महावीर चौक लिहिलेलं असतं, रिक्षावाल्याला मात्र बाबा पेट्रोल पंपच म्हणायचं.

अ‍ॅपवर "वेरूळ लेण्यांच्या जवळ", "जालना रोड, मेन लोकेशन" असं लिहिलेलं असतं. किती खरं मानायचं?

जालना रोड क्रांती चौकातनं विमानतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटर आहे, त्यामुळं "जालना रोडवर" म्हणजे काहीच कळालं नाही. चौक विचारा. मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको, मुकुंदवाडी, चिकलठाणा, ह्यातला कुठला? पहिले दोन असतील तर शहरात आहात, शेवटचे दोन असतील तर तुम्ही विमानतळाच्या वाटेला आहात.

मी काय करते, नकाशा उघडून हॉटेल ते दौलताबाद असा रस्ता टाकते आणि निघायची वेळ सकाळी आठ अशी बदलते, मग परत दौलताबाद ते हॉटेल संध्याकाळी सहाला. किलोमीटर नाही बघायचे, मिनिटं बघायची. तरीही वेरूळच्या रस्त्यावर एक जागा अशी आहे जिथं नकाशाचा अंदाज चुकतो, दौलताबादच्या पुढं रस्त्यावरच किल्ल्याच्या तटबंदीतला जुना दरवाजा लागतो, एका वेळी एकच मोठी गाडी निघती, समोरनं ट्रॅव्हल्स आली की बसा. रविवारी तर हमखास.

दुसरं, गेस्ट लोकांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलवाल्यांचे नको. खिडकीतनं बाहेरचा फोटो कुणी टाकलाय का ते शोधा. खिडकीतनं दुसऱ्या बिल्डिंगची भिंत दिसत असेल तर ठीक, मंगल कार्यालय दिसत असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

बीड बायपासला रूम मोठ्या आणि स्वस्त दिसायलेत, घेऊ का?

गाडी स्वतःची असेल आणि पैठण किंवा बीडकडं जायचं असेल तर घ्या. नाहीतर दोन गोष्टी सांगते. एक, तिथं लॉन्स आणि मंगल कार्यालयं ओळीनं आहेत, लग्नसराईत रात्री बँड, फटाके, वरात, आणि ह्यातलं काहीही हॉटेलच्या हातात नाही. दोन, रात्री जड वाहनं. रस्त्याकडची रूम नको, मागची द्या असं सांगून बुक करायचं. रिक्षासुद्धा रात्री उशिरा तिथं जायला जास्त मागतात आणि येताना रिकामं यावं लागतंय म्हणून भांडतात.

समृद्धीनं कारनं यायलोत.

मग तुम्हाला गावात शिरायचीच गरज नाही असंही होऊ शकतं. मुंबई-नाशिककडनं येताना माळीवाडा इंटरचेंजला उतरलं की दौलताबाद जवळच, वेरूळ त्याच्या पुढं. म्हणजे येतानाच दौलताबाद बघून वेरूळला मुक्काम, किंवा पडेगाव-मिटमिटा बाजूला एखादं हॉटेल. नागपूर-जालन्याकडनं येताना सावंगीला उतरायचं, ते हर्सूलच्या बाजूला, म्हणून पहिल्या दिवशी अजिंठा ठेवणाऱ्यांना सोयीचं. कारवाल्यांनी जुन्या शहरातलं हॉटेल चुकूनही घेऊ नये.

जुन्या शहरात राहायला मजा येत नाही का?

येते ना, एकटे असाल, पाठीवर बॅग असेल तर फारच. १६१० मध्ये मलिक अंबरनं वसवलेली खडकी ती हीच, पुढं औरंगाबाद झालं आणि बावन्न दरवाजांचं शहर म्हणून नाव पडलं. गुलमंडीवर सकाळी सुपारी हनुमानाचं दर्शन, राजाबाजारात संस्थान गणपती, सिटी चौकातनं शहागंजपर्यंत खायला काय काय मिळतं ते सांगत बसले तर हे पान संपेल. रमजानमध्ये तर रात्र आहे असं वाटतच नाही. पण गल्ल्या अरुंद, रिक्षा हॉटेलच्या दारापर्यंत येईलच असं नाही, आणि जुन्या लॉजमध्ये लिफ्ट नसते. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीमुळं हे सगळे रस्ते बंद असतात, त्या दिवशी तिथं चेकआउट ठेवू नका, बॅगा डोक्यावर घेऊन चालावं लागेल. माझं मत विचाराल तर राहायला निराला बाजार आणि फिरायला गुलमंडी, पायी पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे.

आई-वडील सोबत आहेत, गुडघ्याचा त्रास आहे.

लिफ्ट "आहे" आणि लिफ्ट "चालू आहे" ह्यात फरक असतो, तेवढं विचारा. लिफ्टच्या आधी पाच-सहा पायऱ्या आहेत का, हेही. शक्यतो तळमजला किंवा पहिला मजला, कमोड असलेली रूम. जागा सिडको-कॅनॉट घ्या, रस्ते रुंद, दारात गाडी लागते, औषधाची दुकानं आणि दवाखाने हाकेच्या अंतरावर. दौलताबादचा किल्ला त्यांना खालनंच दाखवा, चांदमिनारपर्यंत सपाट आहे, वर जायला सातशेच्या वर पायऱ्या आहेत आणि मध्ये अंधारी, वटवाघळं. अजिंठ्याला डोली मिळते.

पाण्याचं काय? ऐकलंय की तुमच्याकडं पाणीच नसतं.

खरंय की. जायकवाडीचं पाणी आमच्यापासून जवळ असून शहरात नळ रोज येत नाही, काही भागांत तर आठवडा उलटतो. हॉटेलं टँकर आणि बोअरवर चालतात, त्यामुळं पाहुण्याला सहसा कळत नाही, पण एप्रिल-मेमध्ये स्वस्त लॉजवर सकाळी आठनंतर गरम पाणी नाही, दहानंतर गारही नाही असं होतं. "सोलरचं पाणी किती वाजेपर्यंत" हा प्रश्न विचाराच. आणि बाथटबवाली रूम मागू नका राव, लाज वाटते.

भाडं सांगतात एक आणि बिल येतं एक, असं का?

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के लागतो, त्याच्या वर १८ टक्के. आधी हेच खालचं भाडं १२ टक्क्यांत होतं, त्यामुळं कुणी अजून १२ टक्के लावत असेल तर शांतपणे विचारा. बाकी एक्स्ट्रा गादी, नाश्ता, पार्किंग हे आधीच बोलून घ्या. आणि लांबचं स्वस्त हॉटेल घेताना दोन दिवसांचा रिक्षाचा खर्च त्यात मिळवून बघा, बऱ्याचदा क्रांती चौकातलं महाग हॉटेलच स्वस्त पडतं.

कुठल्या दिवसांत रूम मिळतच नाही?

नाताळ ते एक जानेवारी आणि महाशिवरात्री, त्यात वेरूळला तर विचारूच नका, घृष्णेश्वराला पाय ठेवायला जागा नसते. श्रावणी सोमवार तसेच. श्रावणातले शनिवार आणि हनुमान जयंतीच्या आदली रात्र, शहरातनं लोक पायी खुलताबादला भद्रा मारुतीला निघतात, हजारोंनी, रात्रभर, त्या रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी पडेगाव-मिटमिट्याला हॉटेल असेल तर संध्याकाळच्या आत रूमवर पोचा. का तुम्हीही चालायला निघा, लई भारी असतं ते, वाटेत चहा-फराळ वाटत असतात. आणि दाट लग्नतिथी, तेव्हा रूम वऱ्हाडासाठी आधीच गेलेल्या असतात.

पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरला या खरं तर. वेरूळचा धबधबा पडतो, डोंगर हिरवा, आणि मधल्या वारी रूम स्वस्त.

अ‍ॅपवर औरंगाबाद शोधू का संभाजीनगर?

दोन्ही. २०२३ मध्ये नाव बदललं पण प्रत्येक अ‍ॅपनं ते सारखं बदललेलं नाही, एका नावानं चार हॉटेलं कमी दिसतात. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, पिनकोड ४३१ नं सुरू होतोय ना तेवढं बघा, माझ्या एका मैत्रिणीनं खरंच तिकडची रूम बुक केली होती आणि स्टेशनवरनं मला फोन, "अगं ह्या नावाचं हॉटेल कुणालाच माहीत नाही."

शेवटच्या दिवशी चेकआउट बाराला आणि गाडी रात्री, बॅगांचं काय करायचं?

हॉटेलवालेच ठेवून घेतात, सहसा पैसे पण घेत नाहीत, फक्त सकाळीच सांगून ठेवा. मात्र मग परत हॉटेलवर यावंच लागतं, म्हणून रेल्वेनं जाणाऱ्यांचं हॉटेल स्टेशन आणि क्रांती चौकाच्या मध्ये असलेलं बरं. शेवटची दुपार पाणचक्की आणि मकबऱ्याला ठेवा, दोन्ही गावातच, एकमेकांजवळ. मकबरा औरंगजेबाच्या बेगमेचा, दिलरस बानूचा, ऊन उतरल्यावर जा, संगमरवर थंड झालेला असतो आणि मागं डोंगर दिसतो. तिथनं परत येताना महमूद दरवाजापाशी गाड्या अडकतात, जुन्या दरवाजातनंच रस्ता आहे, म्हणून गाडीच्या दोन तास आधी तिथनं निघा. बॅगा उचला, उस्मानपुऱ्यात काहीतरी खाऊन घ्या, स्टेशन तिथनं पाच-सात मिनिटं.